डिझेल घ्यावं की पेट्रोल: एका रकान्याची गोष्ट

प्रत्येक आयटी कंपनीत एखादी सार्वजनिक एक्सेल फाइल असतेच. ती कुणी बनवली ते कुणालाच माहीत नसतं. बनवणारा बहुधा केव्हाच ऑनसाइट जाऊन तिकडचाच झालेला असतो, फाइल मात्र पिढ्यानपिढ्या फॉरवर्ड होत राहते. आमच्याकडे अशा दोन आहेत. एक, घर भाड्याचं बरं की विकतचं. आणि दुसरी, छोटी गाडी डिझेल घ्यावी की पेट्रोल. मध्यंतरी टीममधल्या एकाला जुनी डिझेल हॅचबॅक स्वस्तात मिळत होती, तेव्हा ही दुसरी फाइल पुन्हा एकदा बाहेर निघाली.

फाइल २०१२ ची. पिवळ्या रकान्यात आपलं महिन्याचं रनिंग भरायचं, बाकी सगळे रकाने पासवर्ड टाकून कुलूपबंद. पेट्रोल ७३ रुपये, डिझेल ४१ (दिल्लीचा भाव). शहरातला अॅव्हरेज पेट्रोलला १५, डिझेलला १९. डिझेल गाडी १ लाखानं महाग. म्हणजे किलोमीटरला पेट्रोलचा खर्च ४ रुपये ८७ पैसे, डिझेलचा २ रुपये १६ पैसे. फरक २ रुपये ७१ पैसे. वरचे लाख रुपये वसूल व्हायला सुमारे ३७ हजार किलोमीटर. महिन्याला हजार धरले तर तीन वर्षं. त्यानंतर सगळा फायदाच फायदा!

त्या काळात लाखो घरांत हाच हिशोब झाला. कुणी एक्सेलमध्ये केला, कुणी शोरूममधल्या पॅम्फ्लेटच्या पाठीवर. मला त्यातली कुलूपं बघून हसू आलं. बनवणाऱ्यानं माणसाचं रनिंग बदलेल असं धरलं, आणि भाव मात्र कुणी हात लावू नये म्हणून बंद करून ठेवले! प्रत्यक्षात त्या माणसांचं रनिंग फारसं बदललं नाही. बदलले ते कुलूपबंद रकाने. ते कुणी आणि कसे बदलले हे शोधण्यात माझे दोन वीकएंड गेले, त्याचा हा वृत्तांत.

आधी थोडं इंजिनाबद्दल. मेकॅनिकलवाल्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि पेट्रोलचं मिश्रण साधारण नऊ-दहा पट दाबतात आणि ठिणगी टाकतात. जास्त दाबलं तर ते ठिणगीची वाट न बघता भलत्या वेळी पेट घेतं, म्हणून दाबाला मर्यादा. रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन इंजिनिअरनं उलटा विचार केला. नुसती हवाच इतकी दाबा की ती स्वतः तापेल, मग तिच्यात इंधन फवारा, ठिणगीची गरजच नाही. १८९७ मध्ये आउग्सबुर्गला त्याचं इंजिन चाललं तेव्हा इंधनातल्या सुमारे २६ टक्के ऊर्जेचं काम त्यानं करून दाखवलं, त्या काळी हा आकडा थक्क करणारा होता. दाब जास्त, म्हणून कार्यक्षमता जास्त. शिवाय हळू चालवताना पेट्रोल इंजिनाचा जसा हवेचा गळा आवळावा लागतो तसा डिझेलचा आवळावा लागत नाही, त्यामुळे ट्रॅफिकमध्येही ते कमी पितं. पण एवढा दाब सोसायचा तर इंजिन दणकट हवं, जड हवं, फवारणीचा पंप महागडा हवा. ते वरचे लाख रुपये इथून येतात. आणि एक गंमत. डिझेल पेट्रोलपेक्षा दाट असतं, एका लिटरमध्ये दहाएक टक्के जास्त ऊर्जा बसते. आपण इंधन किलोवर घेत नाही, लिटरवर घेतो, म्हणून अॅव्हरेजमधला थोडा भाग नुसता मापाचा आहे.

आता खरी गंमत. समजा २०१२ साली दोन्ही इंधनं ७३ रुपयेच असती तर? डिझेलचा खर्च किलोमीटरला ३ रुपये ८४ पैसे. म्हणजे फरक फक्त १ रुपया ३ पैसे. त्या २ रुपये ७१ पैशांमधला सव्वा-दीड नाही, जवळपास १ रुपया ६८ पैशांचा वाटा रुडॉल्फ डिझेलचा नव्हताच. तो दिल्लीतल्या शास्त्री भवनाचा होता, जिथे तेव्हा पेट्रोलियम मंत्रालय बसायचं. आपण सगळे 'डिझेल इंजिन परवडतं' म्हणायचो तेव्हा साठ टक्क्यांहून जास्त कौतुक इंजिनाचं नसून सरकारी भावाचं होतं.

हा भाव आला कुठून? १९७३ च्या तेलसंकटानंतर आपल्याकडे इंधनाचे दर सरकार ठरवू लागलं, आणि त्यात एक साधं तत्त्व होतं. डिझेलवर ट्रक चालतात, एसटी चालते, ट्रॅक्टर आणि शेतातले पंप चालतात. ते महागलं की भाजी महागते, धान्य महागतं. पेट्रोल म्हणजे गाडीवाल्यांचं इंधन, ज्यांना परवडतं त्यांनी द्यावं. म्हणून पेट्रोलवर भरपूर कर, आणि त्या पैशातून डिझेल, केरोसिन, गॅस स्वस्त. कागदावर हे अगदी न्याय्य होतं, आणि तेव्हा खरंही होतं, कारण डिझेलवर चालणारी खासगी मोटार जवळपास नव्हतीच.

पण स्वस्त वस्तू आणि महाग वस्तू शेजारीशेजारी ठेवली की मधे कुणीतरी पूल बांधतोच. १९८० च्या सुमारास अँबॅसिडर डिझेलमध्ये मिळायला लागली. नव्वदीत पद्मिनीतही डिझेल आली. कोणीही हौशी माणूस ती घेत नसे. आवाज ट्रॅक्टरचा, पिकअप बैलगाडीचा, आणि थंडीत सकाळी ग्लो प्लग तापेपर्यंत देवाचं नाव. टॅक्सीवाल्यांना मात्र ती वरदान होती. १९९८ मध्ये मारुतीनं झेनमध्ये प्यूजोचं १.५ लिटरचं डिझेल इंजिन बसवलं. इंजिन चांगलं होतं, पण फ्रेंच इंजिनामुळे किंमत चढली आणि ज्याला पैसे वाचवायचे होते त्यालाच ती जड गेली.

मग त्याच वर्षी, ३० डिसेंबर १९९८ ला, इंडिका आली.

पिंपरी-चिंचवडच्या माणसाला इंडिकाबद्दल तटस्थपणे लिहिता येत नाही, तेव्हा माफ करा. त्या वेळी कंपनीचं नाव टेल्को. (आजही आमच्याकडे जुनी मंडळी टाटा मोटर्स म्हणत नाहीत. 'टेल्कोत आहे' म्हटलं की पुढच्या चौकश्या आपोआप थांबतात.) ट्रक बनवणाऱ्या कंपनीनं मोटार बनवायची, तीही संपूर्ण इथे विकसित केलेली, यावर तेव्हा बरेच जण हसले होते. रतन टाटांची कल्पना अशी होती की झेनएवढी गाडी, अँबॅसिडरएवढी आतली जागा, मारुती ८०० च्या जवळपास किंमत आणि डिझेलचा खर्च. चेहरामोहरा इटलीतल्या तुरिनच्या आयडिया या संस्थेकडून आला, असेंब्लीची लाइन ऑस्ट्रेलियातल्या निसानच्या बंद पडलेल्या कारखान्यातून उचलून आणली. इंजिन मात्र घरचं. त्याचं नाव ४७५. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ७५ मिलिमीटर, म्हणून ४७५! ट्रकवाल्यांनी दिलेलं नाव असंच असणार. १४०५ सीसी, टर्बो नाही, इलेक्ट्रॉनिक्स नाही, ताकद पन्नाशीच्या थोडी वर. पहिल्या आठवड्यातच पैसे भरून केलेली एक लाखाहून जास्त बुकिंग्ज आली.

पेट्रोलची इंडिकाही होती, पण लोकांनी उचलली ती डिझेल. डिझेलचा भाव तेव्हा पेट्रोलच्या निम्म्याहूनही कमी होता. सुरुवातीच्या गाड्यांत तक्रारी खूप होत्या, कंपनीनं २००१ मध्ये सुधारलेली व्ही-टू आणली तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. आणि मग ती गेली कुठे? आपल्याच गेटवर. कॉल सेंटर आणि आयटीच्या रात्रपाळ्या सुरू झाल्या, आणि पांढऱ्या इंडिका रात्री-अपरात्री सोसायट्यांच्या बाहेर हॉर्न देऊ लागल्या. हिंजवडीचा इतिहास लिहायचा तर त्यात सिलिकॉनइतकंच डिझेलही येईल.

माझा मामा त्यातलाच. २००४ मध्ये त्यानं कर्ज काढून इंडिका घेतली आणि एका कॉल सेंटरला लावली. रोज दीडशे-दोनशे किलोमीटर. त्याचं लाख रुपयांचं गणित आठ-नऊ महिन्यांत सुटलं असणार, त्याला एक्सेल लागलं नाही. मामा म्हणतो, "गाडीनं आवाज केला, धूर केला, पण हप्ता कधी चुकवला नाही." मी तेव्हा बालवाडीच्या पुढेमागे होतो. डिझेलचा वास म्हणजे मामा आला, एवढंच मला कळायचं.

या चित्राची दुसरी बाजूही तेव्हाच मांडली जात होती. दिल्लीतल्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटचे अनिल अगरवाल ओरडून सांगत होते की ट्रक आणि शेतकऱ्यांसाठी स्वस्त केलेलं इंधन खासगी मोटारींत जातंय आणि त्याचे बारीक कण लोकांच्या फुप्फुसांत. २९ एप्रिल १९९९ ला सर्वोच्च न्यायालयानं राजधानी परिसरासाठी युरो-१ आणि युरो-२ च्या तारखा एकदम पुढे ओढल्या. गाडी कंपन्यांची धांदल उडाली. पण इंधनाच्या भावातला फरक तसाच राहिला. म्हणजे नळ चालूच, फक्त खाली बादली बदलली.

कागदोपत्री ही भावनियंत्रणाची व्यवस्था १ एप्रिल २००२ ला संपली. प्रत्यक्षात कच्चं तेल महागायला लागल्यावर सरकारनं पुन्हा भाव धरून ठेवले, आणि तेल कंपन्यांचा तोटा भरत राहिलं. त्यात २००६ च्या अर्थसंकल्पात आणखी एक रकाना आला. छोट्या गाडीची व्याख्या. लांबी चार मीटरच्या आत, इंजिन पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १५०० पर्यंत, अशा गाडीवर अबकारी कर २४ वरून १६ टक्के. डिक्शनरीत नसलेली ही व्याख्या नंतर भारतातल्या गाड्यांचा आकार ठरवत गेली. डिझायरची ती मागून कापल्यासारखी दिसणारी डिकी आठवते? ती डिझाइनरनं नाही, अर्थखात्यानं काढली आहे.

या व्याख्येत चपखल बसणारं एक इंजिन तेव्हा इटलीत तयारच होतं. फियाटचं १.३ मल्टिजेट, १२४८ सीसी. मुळात कॉमन रेल ही कल्पना गाडीत आणण्याचं बरंच काम फियाटच्या संशोधन केंद्रात झालं, पुढचा विकास त्यांनी बॉशला विकला, आणि १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ मधून ती रस्त्यावर आली. जुन्या डिझेलमध्ये पंप प्रत्येक सिलिंडरला आळीपाळीनं इंधन ढकलायचा. कॉमन रेलमध्ये एका नळीत हजाराहून जास्त बारच्या दाबानं इंधन साठवून ठेवलेलं असतं आणि कंप्युटर सांगेल त्या क्षणी इंजेक्टर उघडतो, एका स्फोटासाठी अनेकदा, थोडंथोडं. त्यामुळे खडखडाट गेला, काळा धूर गेला. जानेवारी २००७ मध्ये मारुतीनं हे इंजिन स्विफ्टमध्ये आणलं, मानेसरला बनवून. ७५ हॉर्सपॉवर, पण ओढ १९० न्यूटन मीटर. दोन हजार आरपीएमखाली गाडी झोपलेली आणि वर गेली की कुणीतरी मागून ढकलल्यासारखी! ज्यांनी कात्रजच्या घाटात ती चालवली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. पहिल्यांदाच डिझेल गाडी हौसेनं घ्यावी अशी झाली होती.

आमच्या रांजणगावला फियाट आणि टाटांच्या कारखान्यातही हेच इंजिन बनायचं. टाटांनी ते 'क्वाड्राजेट' नावानं व्हिस्टात घातलं. फियाटच्या स्वतःच्या गाड्या इथे कधी फार खपल्या नाहीत, पण तिचं इंजिन मात्र स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, अर्टिगा, व्हिस्टा, मान्झा, पुढे ब्रेझा अशा घराघरांत. लोक त्याला राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. शेवरलेच्या बीटमधलं ९३६ सीसीचं डिझेल म्हणजेसुद्धा यातलाच एक सिलिंडर कमी केलेला भाऊ. १२४८ ला चारानं भागा आणि तिनानं गुणा, बरोबर ९३६ येतात!

आता मुख्य घटना. २०१० च्या फेब्रुवारीत किरीट पारीख समितीनं सांगितलं की पेट्रोल आणि डिझेल, दोन्हीचे भाव मोकळे करा, आणि डिझेल गाड्यांवर ८० हजार रुपयांचा जादा अबकारी कर लावा, म्हणजे स्वस्त डिझेलचा फायदा मोटारवाल्यांना मिळणार नाही. सरकारनं २६ जून २०१० पासून पेट्रोल मोकळं केलं. डिझेल बांधलेलंच ठेवलं. आणि ८० हजारांचा कर कधी बसलाच नाही.

माझ्या मते हा अर्धा निर्णय न घेतलेल्या निर्णयापेक्षा वाईट ठरला. आधी दोघंही बांधलेले होते. आता एकाला सोडलं, दुसऱ्याला दावं. कच्चं तेल शंभर डॉलरच्या वर गेलं आणि मे २०१२ मध्ये पेट्रोल एका रात्रीत साडेसात रुपयांनी वाढून ७३ च्या पुढे गेलं. डिझेल ४१ च्या आसपास. लिटरला ३२ रुपयांचा फरक! ती आमची एक्सेल फाइल याच दिवसांतली. पेट्रोल गाड्यांचे शोरूम ओस, डिझेल स्विफ्टला महिनोन्महिने वेटिंग. मारुतीला स्वतःच्या कारखान्यातली इंजिनं पुरेनात, म्हणून तिनं फियाटशी वर्षाला १ लाख इंजिनांचा करार केला. म्हणजे रांजणगावचं इंजिन हरियाणातल्या स्विफ्टमध्ये. देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांत निम्म्याहून जास्त डिझेलवर गेल्या.

याचं बिल कुणी भरलं? २०१२-१३ या एका वर्षात डिझेल कमी भावात विकल्याची तूट सुमारे ९२ हजार कोटी रुपये होती. नंतर पेट्रोलियम मंत्रालयाच्या पाहणीत निघालं की त्यातलं साधारण १३ टक्के डिझेल खासगी मोटारी आणि जीपगाड्यांत जात होतं. सरळ प्रमाण लावलं तर बारा हजार कोटी. ट्रॅक्टरसाठी ठेवलेल्या ताटातून गाडीवाल्यांनी उचललेले. आणि जून २०१२ मध्ये, म्हणजे फरक अगदी शिखरावर असतानाच, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. ती बातमी आली आणि गेली. वेटिंग लिस्ट तशीच.

आमचे नाशिकचे काका याच लाटेतले. २०१३ च्या पाडव्याला त्यांनी डिझेल हॅचबॅक घेतली. सरकारी बँकेतली नोकरी, घर ते ब्रँच सहा किलोमीटर, वर्षातून दोनदा कोकण आणि एकदा पंढरपूर. खरं तर त्याच जानेवारीत सरकारनं जाहीर केलं होतं की डिझेल दर महिन्याला साधारण पन्नास पैशांनी वाढवत नेणार. बातमी काकांनी वाचली होती. "पन्नास पैसे ना? तेवढं काय!" असं ते म्हणाल्याचं काकू आजही सांगते. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसानं चक्रवाढ नाही तरी साधी वाढ धरायला हवी होती, पण तेव्हा सगळं नाशिक डिझेल घेत होतं, एकट्या काकांना काय बोलणार?

पन्नास-पन्नास पैसे करत पावणेदोन वर्षं गेली. तेवढ्यात २०१४ च्या मध्यापासून कच्चं तेल कोसळायला लागलं. तूट आपोआप भरून आली आणि १८ ऑक्टोबर २०१४ ला सरकारनं डिझेलचे भाव मोकळे केल्याचं जाहीर केलं. राजकीयदृष्ट्या याहून सोपा मुहूर्त मिळाला नसता, कारण भाव मोकळे झाले त्या दिवशी डिझेल स्वस्तच झालं! मग तेल आणखी उतरलं, पण पंपावर ते पूर्ण पोचलं नाही. नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ मध्ये केंद्रानं अबकारी कर नऊ वेळा वाढवला. पेट्रोलवरचा ९ रुपये ४८ पैशांवरून २१ रुपये ४८ पैसे. डिझेलवरचा ३ रुपये ५६ पैशांवरून १७ रुपये ३३ पैसे. नीट बघा, पेट्रोलवर १२ रुपये वाढले आणि डिझेलवर पावणेचौदा. चाळीस वर्षं ज्या इंधनाला हात लावायला सरकार घाबरत होतं, त्यावर आता जास्त वाढ. मे २०२० पर्यंत हे आकडे ३२ रुपये ९८ पैसे आणि ३१ रुपये ८३ पैसे झाले. करातला फरक उरला सव्वा रुपयाहूनही कमी.

या सगळ्यात मला सर्वांत वाईट वाटतं ते एका इंजिनाबद्दल. (हसू नका, इंजिनिअर माणसाला अशाच गोष्टींचं वाईट वाटतं.) सुझुकीनं ९०० कोटी रुपये खर्चून मोटारीसाठी स्वतःचं पहिलं डिझेल इंजिन विकसित केलं. ७९३ सीसी, फक्त दोन सिलिंडर, ४७ हॉर्सपॉवर, कागदावरचा अॅव्हरेज २७.६२. आपल्या देशाच्या त्या ३२ रुपयांच्या फरकासाठीच जणू मापून शिवलेलं. इंजिन बनवायला वर्षं लागतात, मंत्रिमंडळाला एक संध्याकाळ पुरते. सेलेरिओ डिझेल बाजारात आली ३ जून २०१५ ला, भाव मोकळे होऊन साडेसात महिने झाल्यावर. रिक्षासारखा थरथराट आहे अशी टीका झाली, तो होताही, पण फरक ३२ रुपयांचा असता तर तो थरथराट लोकांनी गोड मानून घेतला असता. २०१७ मध्ये ती गाडी बंद झाली. इंजिन त्यांच्या छोट्या मालवाहू टेम्पोत जाऊन बसलं.

शेवटचा घाव भारत स्टेज-६ चा. जानेवारी २०१६ मध्ये सरकारनं जाहीर केलं की स्टेज-५ गाळून १ एप्रिल २०२० पासून थेट स्टेज-६. यासाठी डिझेल गाडीत धूर गाळणारी जाळी आणि नायट्रोजनची ऑक्साइडं कमी करणारी यंत्रणा लागते. ती गाडी छोटी म्हणून फारशी स्वस्त होत नाही. वीस लाखांच्या गाडीत तो खर्च जिरतो, सहा लाखांच्या गाडीत तो डोक्यावर बसतो. शिवाय ती जाळी साफ व्हायला इंजिन चांगलं तापावं लागतं. रोज सहा किलोमीटर जाणाऱ्याची जाळी तापतच नाही, तुंबते. आज कुणी स्टेज-६ ची जुनी डिझेल घेत असेल तर अॅव्हरेजआधी हे विचारावं, असं मी त्या टीममधल्या मित्राला सांगितलं. एप्रिल २०१९ मध्ये मारुतीनं सांगून टाकलं की पुढच्या वर्षापासून डिझेल बंद. मल्टिजेटही स्टेज-६ मध्ये गेलंच नाही. युरोपात सप्टेंबर २०१५ च्या फोक्सवॅगन प्रकरणानंतर डिझेलची अब्रू गेली ती वेगळीच.

आणि २४ जून २०२० ला दिल्लीत ते घडलं. पेट्रोल ७९ रुपये ७६ पैसे, डिझेल ७९ रुपये ८८ पैसे. राज्यानं मे महिन्यात डिझेलवरचा व्हॅट वाढवला होता त्यामुळे पाच आठवडे तरी राजधानीत डिझेल पेट्रोलहून महाग होतं. त्या दिवशीचे भाव आमच्या फाइलमध्ये टाकून बघितले (पासवर्ड पासवर्ड१२३ होता, विषय संपला). किलोमीटरला फरक १ रुपया ११ पैसे. लाख रुपये वसूल व्हायला ९० हजार किलोमीटर, म्हणजे साडेसात वर्षं. आणि याच दिल्लीत डिझेल गाडीला दहा वर्षांचंच आयुष्य, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये कायम केलेलं. उरलेला १ रुपया ११ पैसे मात्र शंभर टक्के रुडॉल्फ डिझेलचा.

काकांची गाडी २०२० अखेर ४८ हजार चालली होती. तेव्हाचे भाव धरून मी हिशोब केला तर त्यांचे लाखातले पाऊण लाख सुटले असावेत. त्यातून डिझेलचं महागडं सर्व्हिसिंग वजा करा, आणि महाराष्ट्रात डिझेल गाडीला एकरकमी कर पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त, तोही. मी आकडे दाखवले तर म्हणाले, "पण घाटात काय ओढते बघ!" यावर माझ्याकडे रकाना नव्हता.

हॅचबॅकमधलं डिझेल आता जवळपास संपलंच, टाटांनी २०२५ च्या नव्या अल्ट्रोझमध्ये ठेवलंय तेवढंच. २००६ ची ती व्याख्या मात्र जिवंत आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी कमी झाला तेव्हा छोट्या गाडीला १८ टक्के, आणि छोटी गाडी म्हणजे पुन्हा तेच चार मीटर, १२०० आणि १५०० सीसी. आज त्याचा फायदा हॅचबॅकपेक्षा छोट्या एसयूव्हीतल्या डिझेलला जास्त.

डिझेलच्या रकान्यात आता सीएनजी आलंय. १ एप्रिल २०२२ ला महाराष्ट्रानं सीएनजीवरचा व्हॅट १३.५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणला, पुण्यात भाव उतरला, लोकांनी भराभर हिशोब मांडले, आणि त्याच ऑगस्टमध्ये भाव नव्वदीच्या पार गेला. मामानं इंडिका केव्हाच विकली, तोही आता सीएनजीवर आहे. मी त्याला विचारलं, हे परत डिझेलसारखं झालं तर? तो म्हणाला, "मी गाडी पाच वर्षांसाठी घेत नाही रे. हप्ता फिटेपर्यंत घेतो." पहाटे साडेपाचला चिंचवडच्या पंपावर त्याच्या पुढे वीसेक गाड्या असतात.